न बांधलेली जाळी

विशालदादाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, वसतिगृहाच्या मेसमध्ये पोहे खात होतो. "बाबा गेले रे. सकाळी छातीत दुखते म्हणाले, अन् दवाखान्यात नेईपर्यंत..." एवढं बोलून त्यानं फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिला. दादाचे बाबा म्हणजे माझे मामा, आईचे थोरले भाऊ. मी अकोल्याची बस धरली. बराच वेळ मला रडू आलं नाही. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा बाजूच्या मोकळ्या जागेत पोरं विटा ठेवून फुटबॉल खेळत होती, आणि गोल झाला की नाही यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. ते पाहिलं आणि मग मात्र आवरलं नाही.

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी, आणि अजूनही चार लोकांसमोर बोलताना माझा आवाज बसतो. पण मामांबद्दल कोणीतरी लिहावं असं गेले काही आठवडे वाटत राहिलं, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसेना.

मामा दालमिलमध्ये फिटर होते. संध्याकाळी मिलमधून सुटले की अंगावरची डाळीची भुकटी झटकत थेट मैदानावर. वस्तीतल्या पोरांचा 'पहाट' नावाचा संघ त्यांनीच उभा केला होता. अकोल्यात आणि आसपासच्या गावांत फुटबॉल खेळणारे जे काही संघ होते, त्यांची एक लीग होती. तिचे दोन गट, अ आणि ब. अ गटात जो शेवटचा येईल तो खाली जाईल आणि ब गटातला पहिला वर येईल, हा नियम मामांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तरुणपणी भांडून लावून घेतला होता, कारण त्याआधी अ गटात ठरलेलेच संघ खेळत आणि पहाटला कोणी विचारत नसे.

या नियमासोबत एक रीतही पडली. खाली गेलेल्या संघानं वर आलेल्या संघाच्या पहिल्या सामन्याला गोलाच्या जाळ्या बांधून द्यायच्या. आपल्या हातानं, सगळ्यांसमोर. हरलेल्याचा पाणउतारा करायचा म्हणून नव्हे... मामा म्हणायचे की घर सोडताना झाडून द्यावं, तसं ते आहे. पहाटच्या जाळ्या मामांच्याच घरी असत, खोलीतल्या खुंटीला टांगलेल्या पिशवीत. त्या बांधायला ते सुतळी वापरत नसत. सुतळीनं जाळी कापते, असं त्यांचं म्हणणं. त्यांना लागत सुती पातळाच्या चिंध्या, आणि पातळं अर्थातच मामीची. मामी म्हणायची, "माह्या अंगावर एक पातळ सुखानं जुनं होऊ देत नाही हा माणूस. थोडं इरलं की याचा डोळा त्याच्यावर." मामा हसायचे आणि पुढच्या पातळाची चौकशी करायचे.

मी बारावीत होतो त्या वर्षी लीगला एक मोठा जाहिरातदार मिळत होता. त्याची अट अशी की अ गटात दरवर्षी तेच संघ राहावेत. लोकांना नावं ओळखीची होतात, पोरांनाही उद्याची खात्री राहते, असं तो सांगे. त्याचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. आणि नेमकं त्याच वर्षी पहाट अ गटात तळाला होता. नियम रद्द झाला असता तर पहाट कायमचा वर राहिला असता. सगळ्यांनी धरून चाललं होतं की मामा होकार देतील. बैठक मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली झाली. मीही मागे उभा होतो. मामा उठले आणि म्हणाले, "आज माही टीम खाली चालली म्हून मी दार लावून घेऊ? मंग खालून येणाऱ्याले काय सांगू?" ते खाली बसले, आणि बैठक त्यांच्याच बाजूनं गेली. पहाट खाली गेला. अंजनगाव सुर्जीचा संघ वर आला.

नव्या मोसमात जाळ्या बांधायच्या दिवशी पहाटचं एकही पोरगं आलं नाही. विशालदादा कप्तान होता, तोही आला नाही. बापानं आपल्याच पोरांना खाली ढकललं, असं तो वस्तीत बोलून चुकला होता. मामा एकटेच पिशवी आणि मिलमधलं लोखंडी स्टूल घेऊन गेले. अंजनगावची पोरं टेम्पोतून उतरून बघत राहिली. एक-दोघं मदतीला पुढे झाली तर मामांनी हातानंच थांबवलं. एकेक चिंधी, एकेक गाठ, दोन्ही गोल. घरी दादानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. पुढे बोलायला लागला, पण फुटबॉलवर नाही. बापलेकांत तेवढा एक विषय बंद राहिला, तो राहिलाच.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये संघांना कामगिरीप्रमाणे वर-खाली करण्याची पद्धत असावी का, असा विषय. मी अनुकूल बाजूनं नाव दिलं आणि मोठ्या उत्साहानं मामांना फोन केला. वाटलं होतं, ते मुद्द्यांवर मुद्दे देतील. ते म्हणाले, "विरोधातलं बी नीट पाहून घेजो, भाचे. खाली गेलेल्या टीमचे पोट्टे टिकत नाहीत. जो चांगला खेळते त्याले वरचे उचलून नेतात, बाकीच्याईले पाहाले कोणी येत नाही. टीव्हीवरच्या मोठ्या क्लबांचं बी तसंच होते. दार लावून घेणारे काही येडे नाहीत. त्याईले भीती हाय, अन् ते भीती खरी हाय."

मी विचारलं, "मग तुम्ही दार उघडं कावून ठेवलं?"

मागे मामीच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "मी बी ब गटातूनच आलो होतो ना बाप्पा." आणि मेसचं जेवण बरं आहे का, असं विचारू लागले.

स्पर्धेत माझा नंबर आला नाही. मामांनी सांगितलेली दुसरी बाजू मनात घर करून बसली होती, आणि बोलता बोलता मी दोन्हीकडून अडखळलो.

मामा गेल्यानंतरचा जलदान विधी झाल्यावर थोड्या दिवसांनी मैदानावर शोकसभा झाली. लीगचे सचिव म्हणाले की पहाट यंदा ब गटात तिसरा आला आहे हे खरं, पण मामांना श्रद्धांजली म्हणून अ गटात एक जागा वाढवून पहाटला वर घेऊ. लोकांनी माना डोलावल्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. मी कसाबसा उठलो आणि म्हणालो की मामांना हे आवडलं नसतं, असं मला वाटतं... माझा आवाज शेवटच्या शब्दाला गेलाच.

विशालदादा माझ्याकडे वळला. चिडून नाही, थकून. "तू अमरावतीले राहतो. पोट्टे मले सांभाळा लागतात. अजून एक वर्ष खाली राहिलो तं टीम उरत नाही. मंग बाबाचं नाव कायच्यावर लिहू?"

मी खाली बसलो. सगळ्यांनी मामीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "खेळू द्या पोरायले." आणि ठरलं.

गेल्या रविवारी पहाटचा अ गटातला पहिला सामना झाला, तोही अंजनगावशीच. मी सकाळीच अमरावतीहून आलो होतो. दोन्ही संघ कपडे बदलून तयार, रेफ्री घड्याळ बघतोय, आणि गोलाचे खांब उघडेच. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. ब गटात पहिल्या आलेल्या संघासाठी एक संघ खाली गेला होता, त्यांनी त्या संघाच्या आदल्या दिवशीच्या सामन्याला स्वतःच्या जाळ्या आणून रीतसर बांधल्या होत्या आणि सामना झाल्यावर परत नेल्या होत्या. पहाटसाठी कोणीच खाली गेलं नव्हतं. मग पहाटची जाळी बांधणार कोण?

सचिव म्हणाले, कोणीही बांधा, त्यात काय. कोणी पुढे झालं नाही. तेव्हा अंजनगावचा कप्तान दादाजवळ आला. "दादा, आमी बांधून देतो. तुमच्या बाबांनं आमची बांधली होती."

दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी कुठं खाली गेले, भाऊ?"

सामना जाळीविनाच सुरू झाला. उत्तरार्धात दादानंच गोल मारला. चेंडू दोन खांबांमधून सरळ निघून मागच्या बाभळीपर्यंत घरंगळत गेला. अडवायला काहीच नव्हतं. क्षणभर मैदानात कोणी ओरडलं नाही. आत गेला की बाजूनं गेला, हे लांबून कळेना. सगळे रेफ्रीकडे बघायला लागले. त्यानं शिट्टी वाजवली, गोल दिला, पोरं धावत आली. दादा मात्र चेंडू आणायला स्वतःच बाभळीकडे गेला, आणि तिथे बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

संध्याकाळी आम्ही मामांच्या खोलीत बसलो होतो. दादानं बूटही काढले नव्हते. खुंटीला पिशवी तशीच होती, मामांनी शेवटची टांगली तशी. दादा तिच्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी स्टूल तरी धराले जायला पायजे होतो." थोड्या वेळानं म्हणाला, "या वर्षी आपण खालीच जाऊ, पाहजो. टीम कच्ची हाय. गेलो तं जो वर येईन त्याची जाळी मी बांधीन. मंग खालून येऊ."

मामी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, पिशवी काढून मांडीवर घेतली आणि विरलेल्या चिंध्या एकेक करून बाजूला काढल्या. मग पेटीतून जलदान विधीला नेसलेलं पांढरं सुती पातळ काढलं, काठ दातात धरला, आणि ते उभं फाडायला घेतलं.