एका कोयत्याला एक केसपेपर

माझ्या प्रबंधाचा विषय सरळ होता: पक्षाघात कोणत्या कारणांनी होतो आणि तीन महिन्यांनी रुग्णाचे काय होते. पहिला भाग वॉर्डात बसून पूर्ण करता येत होता. रुग्ण खाटेवर असे, नातेवाईक उशाशी असत. रक्तदाब, साखर, तंबाखू, आधीची औषधे, सगळे रकाने विचारून भरता येत. दुसऱ्या भागासाठी रुग्ण परत यावा लागतो. त्या दुष्काळी वर्षी माझे निम्मे रुग्ण परत येत नव्हते.

एका दुपारी मी आलेल्यांची यादी वेगळी काढली. त्यात बागायतदार होते, मोंढ्यातले व्यापारी होते, निवृत्त शिक्षक होते. एका फळविक्रेत्याची आई होती, तिला तिची तीन मुले रिक्षातून जवळजवळ पालखीसारखी आणत. बहुतेक जण काठी टेकत का होईना, पण चालत आले होते. न आलेल्यांच्या कागदांवर ‘व्यवसाय’ या रकान्यात माझ्याच अक्षरात एकच शब्द पुन्हा पुन्हा होता: ऊसतोड.

मी यादी घेऊन माझ्या मार्गदर्शकांकडे गेले.

“गाळ त्यांना,” सर म्हणाले. “प्रत्येक अभ्यासात रुग्ण गळतात. खाली एक टीप टाक आणि पुढे जा.”

“सर, हे इकडेतिकडे गळलेले नाहीत. सगळे एकाच दाराने बाहेर गेलेत. यांना वगळलं तर आपल्या जिल्ह्यात पक्षाघात झालेला माणूस छान बरा होतो, असं सिद्ध होईल.”

“तुला सही हवी आहे ना?”

हवी होती. मला मेंदूविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घ्यायचे होते, आणि प्रबंध वेळेवर गेला नाही तर प्रवेश परीक्षेचे ते वर्ष हातचे जाणार होते. घाटनांदूरला बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या माणसाच्या मुलीला एक वर्ष किरकोळ वाटत नाही. तरीही मी टीप लिहिली नाही. फोन लावायला बसले.

बहुतेक फोन बंद होते. सिरसाळ्याच्या बाजूच्या एका रुग्णाचा लागला, तो त्याच्या टोळीच्या मुकादमाने उचलला.

“तो उसात हाय.”

“उसात? त्यांचा उजवा हात उचलत नव्हता.”

“उचलत न्हाईच. बसून मोळ्या बांधतो. तुमी कोन, बँकेच्या का?”

“दवाखान्यातली डॉक्टर.”

“मंग सांगतो, लिहून घ्या,” असे म्हणून त्याने माजलगावच्या पुढचा पत्ता सांगितला.

तो का आला नाही, याचे उत्तर मला फोन ठेवता ठेवता मिळाले होते. पाऊस नाही म्हणून ऊस कमी. ऊस कमी म्हणून गळीत हंगाम आखूड. हंगाम आखूड म्हणून टोळीतला एकही दिवस मोडता येत नाही. मी त्याला तपासणीची जी तारीख दिली होती, ती हंगामाच्या बरोबर मध्यावर होती. ती तारीख ठरवताना मी कॅलेंडर पाहिले होते, जिल्हा पाहिला नव्हता.

रविवारी मी एसटीने माजलगाव गाठले आणि साखर कारखान्यातून फडाकडे रिकामा निघालेल्या ट्रॅक्टरवर बसले. धरणाच्या आसऱ्याने तेवढाच पट्टा हिरवा राहिला होता.

फडात मला आधी त्याची बायको दिसली. एरवी पुरुष ऊस तोडतो आणि बाई गोळा करून मोळी बांधते. इथे ती तोडत होती. तो जमिनीवर बसून मोळीवर गुडघा रोवत होता आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पानांच्या, बंधाचे एक टोक दातांत धरून दुसरे डाव्या हाताने ओढत होता. मी त्याला उठवले, चालवले, बटण लावायला सांगितले, आणि माझ्या श्रेणीत त्याला तीन दिले. या श्रेणीत शून्य म्हणजे कसलाही त्रास नाही आणि सहा म्हणजे मृत्यू.

“किती मार्क पडले?” त्याने विचारले. त्याचे बोलणे अजून जड होते.

“तीन.”

“सहातले तीन? पास हाय की.”

“यात कमी मार्क चांगले.”

“अशी परीक्षा आमच्या शाळेत काहून न्हाई घेतली मंग?”

मी हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. रक्तदाबाची गोळी रोज घेता का?

“रोज. एक दिस चुकवली न्हाई.”

हेच उत्तर त्याच्या बायकोने वॉर्डात दिले होते. मी तेवढ्यावर विसंबले नव्हते. भरती झाला तेव्हा मी त्याचे गोळ्यांचे पाकीट मागवून उरलेल्या गोळ्या मोजल्या होत्या. तीस दिवसांत तीस गोळ्या, संख्या चोख जुळली होती. मी ‘नियमित’ या शब्दावर खूण केली होती. इतकेच नव्हे, तर ‘नियमित उपचार असूनही पक्षाघात’ असा एक परिच्छेद लिहिला होता, आणि सरांनी त्याचे कौतुक केले होते.

“औषध बघू,” मी म्हणाले.

बायको त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, जाऊन प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत अर्ध्या गोळ्या होत्या, नीट मधोमध तोडलेल्या.

“या अर्ध्या कशा?”

“एक अर्धी ह्यांची, एक माझी.”

“तुमची?”

“गेल्या साली कारखान्यावर शिबिर झालतं. मुकादमानं यादी वाचली तसा एकेक कोयता पुढं गेला. दोघांचा बी दाब निघाला. पर कोयत्याला कागद एकच, म्हैन्याला पाकीट बी एकच. मंग मी इळीवर रोज दोन तुकडे करायची; आता फडात येळ न्हाई, म्हून हप्त्याचे एकदम करून ठिवते.”

“वेगळं पाकीट मागायचं ना.”

“कुनाच्या नावानं मागू, बाई? कागदावर नाव ह्यांचं हाय.”

आमच्या जिल्ह्यात कोयता म्हणजे जोडपे. नवराबायको मिळून एक कोयता. टोळी किती मोठी, हे कोयत्यांवरून सांगतात. हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होते. शिबिरातल्या कर्मचाऱ्याने मुकादमाची यादी तशीच पुढे ठेवली आणि माणसांऐवजी कोयते नोंदवले. त्याला मी दोष देऊ शकत नव्हते. मी गोळ्या मोजल्या होत्या, त्या किती तोंडांत जातात हे विचारले नव्हते. रोज अर्धी आणि अर्धी, म्हणजे तीस दिवसांत तीस. माझा पुरावा निर्दोष होता आणि निष्कर्ष साफ खोटा. हा माणूस उपचार असूनही कोसळलेला नव्हता. तो अर्ध्या उपचारावर कोसळला होता. आणि उरलेला अर्धा उपचार घेणारी बाई माझ्या समोर उभी होती, माझ्या एकाही कागदावर नसलेली.

मी तिला बांधावर बसवले, दहा मिनिटे थांबले आणि दाब मोजला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. दुसऱ्या दंडावर मोजला, तेवढाच.

“डोकं दुखतं?”

“दुखतं. उनानं.”

“पहाटे, ऊन नसताना?”

तिने थोडा विचार केला. “तवा बी.”

मुकादम एव्हाना जवळ आला होता. मी त्याला सांगितले की या बाईंना आत्ता माजलगावच्या दवाखान्यात न्यायचे आहे.

“ताई, उद्या न्या. आज गाडी भरायची हाय.”

“उद्यापर्यंत यांच्याही अंगावरून वारं गेलं तर?”

“तसं कसं जाईल? ही तर धडधाकट हाय. अवं, आधीच ह्यो अर्धा कोयता झालाय, त्यातला बी अर्धा उचलून नेता व्हय?”

“मुकादम, मी कोयता नेत नाही. एक बाई नेते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तसं याच कागदावर लिहिते आणि खाली तुमचं नाव घालते.”

धमकी पोकळ होती. माझ्या कागदाला तिथे कुणी विचारले नसते. पण मला मागे सरायचे नव्हते, आणि ते त्याला दिसले असावे. निकाल मात्र बाईने लावला. तिने हातातला कोयता त्याच्यापुढे धरला.

“तुमीच धरा मग सांजंपातुर.”

फडातल्या बायका खदखदून हसल्या. मुकादमाने कोयता घेतला नाही, पण ट्रॅक्टर थांबवला.

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने सवयीने नवऱ्याचे नाव विचारले. मी म्हणाले, आधी हिचे लिहा. तिच्या नावाचा तो पहिला केसपेपर होता. आतल्या डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत तिला ठेवून घेतले, दाब थोडा उतरल्यावर दोन पाकिटे दिली आणि पुढची तारीख लिहिली. तिच्या आग्रहावरून ती तारीख बाजाराच्या दिवसाची होती, कारण त्या दिवशी टोळीला सुटी असे.

सोमवारी मी सरांना सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही.

“म्हणजे तुझा अर्धा तक्ता चुकला,” ते म्हणाले.

“किती चुकला ते मोजावं लागेल. ऊसतोडीतल्या प्रत्येक रुग्णाला पुन्हा भेटावं लागेल, औषध कोण कोण घेतं ते विचारावं लागेल.”

“आणि मुदतीचं काय?”

“वाढवून मागते.”

“परीक्षा?”

“पुढच्या वर्षी देईन.”

“हा शुद्ध मूर्खपणा आहे. तुझ्या आकड्यांनी या जिल्ह्यात काय फरक पडणार आहे? मी आत्ता सही करतो, तू जा.” त्यांनी खरोखरच पेन उचलले.

“करू नका, सर. अजून करू नका.”

विद्यार्थी सहीसाठी त्यांच्या दाराशी तासन्‌तास बसतात. सही नको म्हणणारी मी बहुधा पहिलीच. त्यांनी पेन ठेवले आणि चष्मा काढला. “माझ्या प्रबंधातही रुग्ण गळाल्याची अशीच टीप आहे,” ते एवढेच म्हणाले. मुदतवाढीचा माझा अर्ज मात्र त्यांनी पुढे पाठवला.

हंगाम संपेपर्यंत माझे रविवार फडांवर गेले. काही रुग्ण कोपीत आडवे होते. काही वारले होते आणि रुग्णालयाच्या नोंदीत अजून जिवंत होते. माझा तक्ता कुरूप होत गेला: चालत परत आलेल्यांचे प्रमाण घसरले, मृत्यूचे वाढले, ‘नियमित उपचार’ या रकान्यातून नावे एकामागून एक बाहेर पडली. सोबतचे विद्यार्थी पदव्या घेऊन गेले. वसतिगृहातली माझी खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती. मी ती सोडली नाही.

दरम्यान त्या कारखान्याचे पुढचे शिबिर ठरले. कारखाना सहकारी होता. पण सभासद म्हणजे ऊस लावणारे, ऊस तोडणारे नव्हेत. त्यामुळे तोडणाऱ्यांची नावे कार्यालयात नव्हतीच, मुकादमांच्या याद्या तेवढ्या होत्या. मी तिथल्या अधिकाऱ्यांना कोयत्यामागे दोन ओळींची यादी मागितली. ते म्हणाले, “आमच्याकडे अशी पद्धत नाही.” मी म्हणाले, मग मी तिथेच उभी राहून करते.

शिबिराच्या दिवशी मी दोन टेबले मांडून घेतली आणि कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. तोच मुकादम यादी वाचत होता. तो एक कोयता पुकारी, दोघे पुढे येत, आणि मी एकाला थांबवून दुसरीला बसवी.

“ताई, असं एकेक करत बसल्या तर अंधार पडंल.”

“दिवा आणा.”

पुढची बाई बसली. मी नाव विचारले. तिने कोयत्याचा यादीतला नंबर सांगितला.

“तुमचं नाव,” मी म्हणाले.

तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिले, मग मुकादमाकडे. मी पेन टेकवून थांबले. तिने हळू आवाजात स्वतःचे नाव सांगितले, आणि मी तिच्या दंडाला पट्टा बांधला.