तंत्रशाळेचं अकरावं पान

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवालीनं न मागता कोथिंबिरीची काडी जास्त घातली तरी मी आधी जुडी उलटी करून बघते. माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. वडिलांनी घडवलेली नवी मूर्ती आमच्याकडे कायम दोन फडक्यांखाली झाकलेली असायची. खालचं ओलं फडकं मातीसाठी, वरचं कोरडं पाहुण्यांसाठी. अशा घरात वाढलेली मुलगी दुसरं काय शिकणार?

वडील साचा उसना द्यायचे. मागणारे बहुतेक भाऊबंदच असत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पण द्यायचे तो फक्त धडाचा साचा. गणपतीचे हात वेगळे काढून नंतर बसवतात, आणि हातांचे साचे आमच्या कपाटात कुलपात असत. मग नेणाऱ्याला हातांसाठी पुन्हा आमच्याच दारात यावं लागे. "हात आपल्याजवल ठेवायचे गो, मंग कुनी कुठं पलत नाय," असं वडील म्हणत. आमच्या आळीत याला कुणी कोतेपणा म्हणत नसे. सगळेच थोड्याफार फरकानं तेच करत होते.

लग्नानंतर मी रोह्याजवळच्या वरसे गावात राहायला आले आणि रोह्याच्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवू लागले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी आमच्या संस्थेनं एक तंत्रशाळा काढायचं ठरवलं. आठवी ते दहावी. नेहमीच्या विषयांबरोबर लेथ, वायरिंग, ड्रॉइंग आणि कॉम्प्युटर. जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी शेड बांधून देणार होती. शाळा कशी असावी याचा आराखडा करायला तिघांची समिती नेमली: संस्थेचे कार्यवाह, कंपनीचे एक साहेब आणि मी. माझ्यापेक्षा ज्येष्ठ शिक्षक पाचसहा तरी होते. मग मलाच का घेतलं? माझा पहिला संशय तिथेच जागा झाला.

कार्यवाहांचा मला त्रास नव्हता. त्यांचा सगळा जीव उद्घाटनाच्या कोनशिलेत होता. एक अख्खी बैठक त्यांनी पाहुण्यांची गाडी मैदानात कुठून वळेल यावर घालवली. कॉम्प्युटरच्या खोलीबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, चपला बाहेर काढायच्या. ते झालं की ते चहा मागवून मोकळे.

साहेबांचं तसं नव्हतं. पुण्याकडचा माणूस, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. रोह्यात मला सगळे बाई म्हणतात, हे मॅडम म्हणत. माझं बोलणं मान हलवत ऐकत आणि खिशातल्या छोट्या डायरीत काहीतरी टिपून घेत. "मॅडम, हे फारच छान आहे," असं दर दहा मिनिटांनी. मी सरळ विचार केला, इतकं गोड बोलणाऱ्याला काहीतरी हवंय. आमच्या मुख्याध्यापकांनी दहा वर्षांत मला एकदाही छान म्हटलं नव्हतं आणि त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

दुसऱ्याच बैठकीत साहेबांनी विचारलं, "मॅडम, शाळा सुटायची वेळ आपण पावणेतीनच्या आसपास ठेवू शकतो का?"

पावणेतीन! दुसऱ्या शिफ्टच्या बस त्याच वेळी फिरायला लागतात हे रोह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना शाळा नकोच आहे, यांना भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर बसणारे हेल्पर हवेत. "बघू," एवढंच मी म्हटलं. त्यांनी तेही डायरीत लिहून घेतलं.

सातवीनंतर किती मुलं घरी बसतात हे पाहायला मी आतल्या गावांतून फिरले. भात झाल्यावर वाल पेरणारी ती गावं. शाळा सातवीपर्यंत, पुढची रोह्याला, आणि एसटीचा भरवसा नाही. अशाच एका गावात मी भातगिरणीपाशी पाणी प्यायला थांबले. एक बाई भात भरडायला रांगेत होती. तिची सातवीतली मुलगी गिरणीच्या दारात उभी होती. मोटर चालू होती, गिरणीवाला आपल्या नादात होता. मुलगी एकदम म्हणाली, "काका, पट्टा सरकतोय." त्यानं लक्ष दिलं नाही. मिनिटाभरात पट्टा उडाला. मुलीनं मोटर बंद करायला लावली, पट्टा तपासला आणि चाकाच्या बाजूचा एक ढिला नट दाखवला.

"आवाजावरनं वलखते ती," आई म्हणाली. "माज्या काय कामाची नाय घरात. पन हितं उभी केली का बरोबर."

"पुढे शिकणार ना?" मी विचारलं.

"इंग्रजी येत नाय तिला. नापास हुईल. मंग कशाला?" आईनं हे अगदी सहज सांगितलं. मुलगी नटाकडेच बघत होती.

परत येताना एसटीत मला झोप लागली नाही, जी एरवी पहिल्या वळणाआधीच लागते. माझ्या मनात ती शाळा पहिल्यांदा खरी झाली. या मुलीला जिथं जागा नाही ती तंत्रशाळा कसली? पुढच्या बैठकीत मी आल्या आल्या बोलून गेले, "प्रवेशाची परीक्षा लेखी घ्यायचीच नाही. हातानं घ्यायची. पोरापुढे एक बिघडलेली वस्तू ठेवा आणि काय करतं ते बघा." कार्यवाह हसले. साहेबांनी मात्र पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि मग पुन्हा लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. आपण तोंड उघडलं हे चुकलं, असं मला तेव्हाच वाटलं.

आराखडा मी घरी बसून लिहिला. दहा पानं झाली: विषय, तासिका, कार्यशाळेची मांडणी, कोणत्या बाकावर किती मुलं. अकरावं पान प्रवेशाचं. हातानं द्यायची परीक्षा, ती कशी घ्यायची, गुण कसे द्यायचे, आणि निम्म्या जागा आतल्या गावांतल्या मुलांना, त्यातही मुलींना आधी. ते एक पान लिहायला मला आधीच्या दहांपेक्षा जास्त दिवस लागले. आयुष्यात मी काही चांगलं लिहिलं असेल तर ते पान, असं मला आजही वाटतं.

पहिली दहा पानं मी साहेबांकडे टाइप करायला दिली. ती परत आली तेव्हा माझं डोकं सणकलं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर कंपनीचं नाव छापलेलं आणि माझं नाव कुठेच नाही.

"अहो बाई, टायपिस्ट त्यांचा, म्हणून कागदही त्यांचा," कार्यवाह म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मला ते पटलं नाही. मला पटवून घ्यायचंच नव्हतं. मी अकरावं पान पर्समध्ये ठेवलं आणि ठरवलं, हे मंजुरीच्या सभेत सगळ्यांसमोर मी स्वतः देणार. साहेबांनी दोनदा विचारलं, "प्रवेशाचं पान?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "चाललंय."

श्रावणात मी दोन दिवसांची रजा जोडून पेणला गेले. गणपती तोंडावर आले की माहेरी हात कमी पडतात, आणि दागिन्यांचा सोनेरी रंग माझ्याइतका बारीक कुणी देत नाही. दुपारी जेवणं आटोपून मी रंगायला बसले होते. शेजारच्या औषधाच्या दुकानातून हाक आली, "रोह्याचा फोन." रजेच्या अर्जावर मी तोच नंबर दिला होता.

साहेब होते. "मॅडम, शिक्षण खात्यानं तारीख अलीकडे आणली. फाईल आजच अलिबागला जातेय. तुमच्याकडून काही द्यायचं राहिलंय का? गाडी पेणला वळवतो. मी स्वतः येऊन घेऊन जातो."

स्वतः येऊन! गाडी वळवून! माझ्या हाताला सोनेरी रंग होता, तो दुकानदाराच्या फोनला लागला. हा माणूस एका पानासाठी इतका आटापिटा का करतोय? कारण ते पान किती मोलाचं आहे हे त्याला कळलंय, आणि आज ते अलिबागला कंपनीच्या नावानं दाखल होणार आहे. हे सगळं मला त्या क्षणी दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "काही राहिलं नाही."

"नक्की, मॅडम?"

"नक्की."

पर्स आत खुंटीला टांगलेली होती. वडिलांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. प्रवेशाच्या नियमांशिवाय शाळा मंजूर होऊच शकत नाही, तेव्हा येतील की माझ्याच दारात, असंही म्हटलं. वडिलांनी ब्रश पाण्यात बुडवला. "बरा केलास," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी सतरा मुकुट रंगवले आणि एकही रेघ चुकली नाही. मी फार खूश होते.

माझ्या दारात कुणी आलं नाही. दिवाळीनंतर साहेबांची गुजरातेत बदली झाली. निरोप घ्यायला ते शाळेत आले तेव्हा मी तासावर होते आणि तास सोडून बाहेर आले नाही. उन्हाळ्यात मंजुरी आली. प्रवेशाच्या रकान्यात लिहिलं होतं: गणित आणि इंग्रजीची लेखी परीक्षा, गुणानुक्रमे प्रवेश.

मी पान घेऊन कार्यवाहांकडे धावले. त्यांनी ते वाचलंसुद्धा. "छान आहे हो. पण तेव्हा कुठं होतं हे? अलिबागला रकाना मोकळा निघाला, फाईल परत फिरायची वेळ आली. आमच्या कारकुनानं दुसऱ्या एका शाळेचे नियम उतरवून दिले. आता बदलायचं तर सगळं पहिल्यापासून. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही त्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं.

जूनमध्ये परीक्षा झाली आणि पर्यवेक्षक म्हणून मीच वर्गात होते. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. मीच निरोप धाडून तिला बोलावलं होतं, कशाच्या जोरावर ते मला माहीत नाही. गणित तिनं निम्मं सोडवलं. इंग्रजीच्या पेपरावर नाव लिहिलं आणि हाताची घडी घालून बसली. मी जवळून गेले तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, ह्या पंख्याची बेरिंग जानार हाय." मी तिला गप्प राहायला सांगितलं. परीक्षेत बोलायचं नसतं.

यादीत ती नव्हती. आतल्या गावांतलं एकही नाव नव्हतं.

पावसाळ्यात तासिकांचं वेळापत्रक करायचं म्हणून मी आराखड्याची संस्थेतली प्रत मागवली. आधी कधी ती उघडून बघायची मला गरजच वाटली नव्हती, कारण आत काय आहे ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पहिलं पान नव्यानं टाइप केलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं की ही सगळी योजना समितीतल्या शिक्षिकेची आहे, आणि तिथं माझं पूर्ण नाव होतं. नवव्या पानावर नवी भर होती. दुसऱ्या शिफ्टच्या कामगारांना आणायला कंपनीची बस आतल्या गावांत रिकामी जाते, शाळा पावणेतीनला सोडली तर तीच बस मुलांना घरी पोचवेल. आणि दहाव्या पानानंतर एक कोरा कागद होता. त्यावर साहेबांच्या अक्षरात फक्त इतकं: 'प्रवेशाचे नियम. हे पान त्यांनीच लिहावे, शाळेचा गाभा त्यातच आहे. येताच जोडावे.'

कार्यालयात कारकून समोर होता म्हणून मी रडले नाही. हातानं घ्यायच्या परीक्षेचा विचार त्या माणसाच्या डायरीत होता. माझ्या तोंडून ऐकून त्यानं तो शब्दन् शब्द टिपला होता. स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहून त्याला तो रकाना कधीच भरता आला असता. मी समजत होते तसा तो चोर असता, तर ती मुलगी आठवीत बसली असती. तो चोर नव्हता, म्हणून त्यानं माझी जागा मोकळी ठेवली.

त्याला पत्र लिहायचं मी कितीदा ठरवलं. गुजरातेतला पत्ता कंपनीतून मिळाला असता. मी मागितला नाही.

दोनेक वर्षांनी रोह्याच्या बाजारात ती आई भेटली. वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मुलगी बरी आहे, घरीच असते, पुढच्या साली तिचं बघायचं, असं तिनं सांगितलं. शेंगा मोजून माझ्या पिशवीत ओतल्या, वर एक मूठ जास्तीची घातली, आणि मी काही न तपासता पिशवी उचलली. तेवढ्यात रस्त्यानं तंत्रशाळेची पोरं निळ्या शर्टात घोळक्यानं गेली. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "लोक सांगतात, ती शाला तुमीच बनवलीत. व्हय?"

"नाही गो," मी म्हटलं. "ती कंपनीची शाळा."