पंचाहत्तरची पन्नास

त्या गाईच्या कानात बिल्ला मारला, तेव्हा ती पंचाहत्तर टक्क्यांची आहे हे मला पक्कं माहीत होतं. मोबाइलच्या अॅपमध्ये मी पन्नास भरलं. हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना नाही आणि घरी बायकोलाही नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक. गोंदिया तालुक्यात दवनीवाड्याच्या बाजूची काही गावं माझ्याकडे आहेत. लोक डॉक्टर म्हणतात, मीही कधी दुरुस्त करत बसलो नाही. लस टोचायची, गाईंना कृत्रिम रेतन करायचं, जनावरांची नोंदणी करायची, ही माझी कामं.

टक्के म्हणजे काय ते आधी सांगतो. टक्के म्हणजे जनावरात विदेशी रक्ताचा हिस्सा किती. आपली गावरान गाय शून्य. ती काळीपांढरी विदेशी गाय, एचएफ, शुद्ध असेल तर शंभर. वासरात दोघांचं अर्धं अर्धं येतं, म्हणून गावरान गाईला एचएफ दिला की पन्नास. त्या पन्नासच्या कालवडीला पुन्हा एचएफ दिला की पंचाहत्तर. दूध वाढतं, त्यामुळे शेतकऱ्याला वरचा आकडा हवा असतो. पण आमच्याकडचं ऊन आणि जंगलाच्या कडेची गोचीड वरच्या आकड्याला झेपत नाही. म्हणून नियम असा की पन्नासवर थांबायचं, फार झालं तर साडेबासष्ट. पन्नासच्या गाईला पन्नासच्याच संकरित वळूची कांडी वापरायची. कांडी म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेली बारीक नळी.

नियम मला तोंडपाठ होता.

टेकचंदभाऊंची पन्नासची गाय माजावर आली. ते आमच्या भागातले मोठे धानवाले शेतकरी, माझ्याशी घरोबा. माज फार तर दिवसभर टिकतो, त्यामुळे फोन आला की निघावंच लागतं. मी पोचलो तेव्हा माझ्या नायट्रोजनच्या डब्यात संकरित वळूची एकही कांडी उरली नव्हती. एचएफच्या होत्या.

"भाऊ, पुढच्या माजाला करू," मी म्हणालो.

"कायले? तवपर्यंत गाय रिकामी ठेवू का?"

"एचएफ दिला तर टक्के वाढतात. नियमात बसत नाही."

टेकचंदभाऊ हसले. "आमचे पुरखे माळव्यातून आले म्हणतेत. आमचे किती टक्के धरता जी? टिकून राहिलो ना इथं? भरा, भरा."

मीही हसलो आणि एचएफ भरला. नोंद मात्र संकरित वळूची केली. खरं लिहिलं असतं तर वरून विचारणा आली असती.

कालवड झाली. देखणी निघाली, वाढली, वेळेवर गाभण राहिली, व्याली. तिलाही कालवडच झाली. त्याच सुमारास बचत गटाच्या बायकांना दुधाळ गाय देण्याची योजना आली. गाय जिल्ह्यातलीच हवी, नोंदणी झालेली हवी, आणि साडेबासष्टच्या वर नको. टेकचंदभाऊंनी ही गाय वासरासकट विकायला काढली. नोंदणीला अर्थातच मी.

तिच्या पाठीवरून हात फिरवला. वशिंड जवळजवळ सपाट. गळ्याखालची पोळी आखूड. गावरान रक्त कमी झालं की पहिल्यांदा तिथे दिसतं. एवढ्यात साहेबांचा फोन आला.

"झाली का एंट्री?"

"सर, ही गाय जरा वरच्या टक्क्याची वाटते."

"वाटते म्हणजे? रेकॉर्ड काय म्हणतं?"

"पन्नास."

"मग पन्नास टाका. रेकॉर्ड तुमचंच आहे ना?"

साहेबांना मी आजही दोष देत नाही. रेकॉर्ड माझंच होतं. पंचाहत्तर लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, एचएफ कुणी भरला. मी पन्नास टाकलं.

गाय रेवंताबाईला मिळाली. तिशीतली बाई. नवरा गवंडीकाम करायचा, आणि दर उन्हाळ्यात दोघं नागपूरला बांधकामावर जायची. मुलगी आजीपाशी गावात राहायची. गाय घरी आणली त्या दिवशी मी तिथेच होतो. तिनं गाईला ओवाळलं, पायावर पाणी घातलं आणि मला म्हणाली, "या साली मी नागपूरले नाही जाऊन राहिली, डाक्टर. पोरगी सारखी विचारते, आई कवा येशील. आता येऱ्या-जाऱ्याचं कामच नाई."

हिवाळाभर गाय उत्तम राहिली. गोठ्यात बांधलेली, कोवळं ऊन, खायला धानाचं तणस आणि सरकीची ढेप. रेवंताबाई दूध डेअरीवर घेऊन जायची तेव्हा पदर नीट करून जायची, हे मला आठवतं.

चैत्र संपत आला तसा चारा आटला. मी लसीकरणाला गेलो होतो. आखरावर गटाच्या बायका गाई घेऊन उभ्या होत्या. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी तिथून गायकी, म्हणजे गावचा गुराखी, सगळ्यांची जनावरं चरायला नेतो.

"डाक्टर, घरचा चारा पुरून नाई राहिला," रेवंताबाई म्हणाली. "बाकीच्यायनं गायकीले गाई देल्ल्या. मी देऊ का इले?"

शेजारची बाई खिदळली. "इची गाय मेमसाब आहे जी. उनात काळी पडन."

"तुही कोनती गोरी आहे?" रेवंताबाईनं तिला सुनावलं आणि सगळ्या हसल्या.

बोलायची वेळ ती होती. हिला बाहेर सोडू नका, सावलीत बांधा, अंगावर ओली पोती टाका, एवढंच सांगायचं होतं. पण बाकीच्या पन्नासच्या गाई हिंडतात तर माझीच काऊन नाही, हे तिनं विचारलं असतं. आणि ती विचारणारी बाई होती.

"अर्धी गावरानच आहे," मी म्हणालो. "हिंडू द्या."

गायकी कळप जंगलाच्या कडेनं तलावावर न्यायचा. वैशाखात रेवंताबाईचा फोन आला. गाय कळपात मागे राहते, तोंड उघडून धापा टाकते, चारा सोडला. मी गेलो. कानाच्या आत, कासेजवळ गोचीडच गोचीड. अंग तव्यासारखं. खांद्यापुढची गाठ सुजून वर आलेली. हा गोचीड ताप. गावरान जनावर बहुतेक वेळा तो अंगावर काढतं. रक्त जितकं विदेशी, तितका तो जड जातो, आणि त्यात उन्हानं आधीच दम काढलेला.

इंजेक्शन दिलं. सलाइन लावलं. रेवंताबाई सुपानं वारा घालत बसली. मी रोज जात होतो. तिची मुलगी ओली पोती बदलायची आणि मला विचारायची, आज बरी आहे ना. एका दुपारी गाईनं मान टाकली.

सासू दारात येऊन उभी राहिली. ती कुणाकडे बघून बोलत नव्हती. "घरात आलेली लक्ष्मी गायकीच्या हाती कोनं देल्ली? इनंच देल्ली. उन्हात मारली."

रेवंताबाई माझ्याकडे वळली. "तुमीच सांगितलं व्हतं ना जी, हिंडू द्या म्हणून. बाकीच्यायच्या हिंडून राहिल्या. माह्यंच काय चुकलं?"

तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याजवळ होतं.

"निगा कमी पडली, बाई," मी म्हणालो. "दुपारी पाणी पाजायला पाहिजे होतं."

"तलावावर पेते ना पाणी."

मी बॅग आवरत राहिलो. सूप खाली ठेवत ती म्हणाली, "हो. मीच जाऊन पाहाले पायजे होतं."

गाय मरेपर्यंत जे झालं ती माझी चूक होती. 'निगा कमी पडली' या वाक्यापासून पुढचं जे, त्याला मी नुसती चूक म्हणणार नाही.

साहेबांनी कारण विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं, निगा कमी. गटात ते पोचलं. पुढच्या वाटपात रेवंताबाईचं नाव आलं नाही, कारण हिला जनावर सांभाळता येत नाही असं ठरलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात रेवंताबाई नवऱ्याबरोबर नागपूरला गेली. मुलगी आजीपाशी राहिली.

आता मी टक्के माहीत नसतील तर 'माहीत नाही' असं भरतो. साहेब चिडतात. एंट्री परत येते, मी परत तेच भरतो. धंद्याचा धडा म्हणाल तर एवढाच, की टक्का हा आकडा दिसत असला तरी बाईनं गाय कुठे बांधायची ते त्यानं ठरतं.

गेल्या महिन्यात त्या घरी गेलो होतो. मेलेल्या गाईची कालवड आता मोठी झाली आहे. आई पंचाहत्तरची, म्हणजे बाप पन्नासचा धरला तरी हीही साठच्या वरच. सासू तिला दाव्याला धरून उभी होती.

"डाक्टर, इले गायकीले देऊ का?"

"नका देऊ. घरीच सावलीत बांधा. गोचीड रोज काढत जा."

"काऊन? आता तर ऊन नाई पडून राहिलं. इच्या मायले तर तुमीच सोडा म्हणलं व्हतं."

मी बिल्ल्याचा नंबर बघितल्यासारखं केलं आणि निघालो.

रेवंताबाईची चूक नव्हती, माझी होती, हे तिच्यासमोर, तिच्या सासूसमोर आणि गटासमोर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.