झग्यावरचा लाल ठिपका

अमेरिकेतल्या आयोवातील एल्नोरा हॅगनच्या मते गावातील एकाही बाईला कपडे धुता येत नसत. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, बाळाला घालायच्या, चार पिढ्यांनी जपलेल्या पांढऱ्या झग्यावर लाल ठिपका दिसताच तिने सून ग्रेटाला फटकारले, “चेरी खाऊन हात पुसलेस ना?”

“आई, ऐका तर...”

“तूच ऐक! फळाच्या डागावर उंचावरून उकळतं पाणी ओतायचं. आईने शिकवलं नाही वाटतं?”

कापड ताणून तिने अख्खी किटली ओतली. डाग तपकिरी होऊन पक्का बसला.

“रक्त होतं ते,” ग्रेटा म्हणाली. “लेस शिवताना सुई टोचली. गार पाण्याने निघालं असतं.”

दुसऱ्या दिवशी झग्यावरचा डाग कोणाला दिसू नये म्हणून तो छातीशी दाबून धरत एल्नोराने नातवाला कोणाच्याही हाती दिले नाही; शेजारणीच्या मळक्या कॉलरला मात्र तिने नाक मुरडलेच.