स्वतःची नळी बाळगणारा

बायकोसोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पाण्याचा ड्रम भरणं. दर्यापूरला कापसाच्या जिनात मी चौकीदार होतो, राहणंही तिथंच. त्या दिवशी मैदानात फिरत्या टॉकीजचा ट्रक थांबला. ड्रायव्हरचं बिऱ्हाड ट्रकातच, पाण्याची टाकीही त्यातच. नाव मी विचारलं नाही.

टाकी भरायला मी आमची रबरी नळी पुढे केली. त्यानं हात लावला नाही. स्वतःची काढली, दोन्ही तोंडांना फडकं बांधलेली. नळ पुसला, थोडं पाणी वाहू दिलं, मग नळी जोडली.

"काहून बे, नवरीवानी जपून राहिला तिले?" मी म्हणलो.

"दादा, नळाचं पाणी साजरं हाय. तुमच्या नळीचं तोंड म्हशीच्या हौदात पडून हाय."

बायको हसली. "आयका जरा त्याचं!"

मी ऐकलं नाही. त्याच नळीनं आमचा ड्रम भरला.

चौथ्या दिवशी ती पटकीनं गेली. मला काही झालं नाही. तो माणूस बरोबर होता, हे मी कोणालाही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोयरे जमले. मी चूल पेटवली.

"सुतकात चूल?" थोरला साळा ओरडला.

"पेटू दे," मी म्हणलो, अन् सगळ्यांसाठी पाणी उकळायला ठेवलं.