आधी बुडायचं, मग वल्हवायचं

लहान मुलं आणि पाणी एकत्र आलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चिखलासारखे अंगाला लागून घरी येतात! मी आणि माझा भाऊ नंदू रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर मुलांना कयाकिंग, म्हणजे छोटी निमुळती बोट वल्हवायला, शिकवतो. आता विषय निघालाच आहे, तर ऐका.

*

पिंपळगावचे एक द्राक्ष बागायतदार मुलासाठी कोरं करकरीत लाइफ जॅकेट घेऊन आले. मी म्हटलं, "दादा, हे फार मोठं होतंय."

"मुद्दामच, मॅडम! वाढत्या अंगाचं घेतलंय."

जॅकेट खांद्याला धरून मूल उचलून बघायचं, ही आमची परीक्षा. मी उचललं. जॅकेट माझ्या हातात आणि चिरंजीव जमिनीवर!

*

एका वडिलांनी जॅकेट घालायला साफ नकार दिला. "मला पोहता येतं हो!" मी दहा मिनिटं डोकेफोड केली, उपयोग शून्य. तेवढ्यात त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीने स्वतःचं जॅकेट काढून खाली ठेवलं.

"मला पण येतं," ती म्हणाली. तिला धड बादलीतून तांब्या भरता येत नव्हता! वडिलांनी गुपचूप जॅकेट चढवलं.

*

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असते. तीन वेळा वाजली, म्हणजे संकट. एकदा भर पाण्यातून तीन शिट्ट्या ऐकू आल्या आणि नंदू जिवाच्या आकांताने वल्हवत पोचला.

"काय झालं?"

"बाबांनी माझा चिवडा संपवला!"

नंदू धापा टाकत म्हणाला, "शाब्बास. बरोबर वाजवलीस." पोराला रागावलं असतं, तर खऱ्या वेळी त्याने शिट्टी वाजवलीच नसती. बाबांना मात्र मी बोलले.

*

आणि सईची आजी.

आमचा एक नियम आहे. लहान मुलासोबत बोटीत घरचंच मोठं माणूस हवं, कारण बोट उलटली की मूल आधी ओळखीचा चेहरा शोधतं. म्हणून पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात दोघांना मुद्दाम उलटवतो. आधी बुडायचं, मग वल्हवायचं!

सई सहा वर्षांची. द्राक्षांचा सीझन सुरू होता, आईवडील बागेत अडकलेले. तिला घेऊन यायची आजी, आणि आजी काही पाण्यात उतरेना. सई जॅकेट घालून काठावर बसायची आणि बाकीची पोरं वल्हवताना बघायची.

"तुमीच न्या ना तिला, ताई."

"नियम आहे, आजी. तुम्हीच बसा."

"मी नाय बसायची. माझा धाकटा भाऊ विहिरीत गेला. तव्हापासून घोट्याच्या वर पाणी नाय लागू दिलं मी."

पण नियम मोडवेना. खूप वाईट वाटायचं.

मग एका रविवारी सईने आपलं जॅकेट काढलं, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. "मॅडम, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. आजीला भीती वाटते." ती रडलीसुद्धा नाही.

आजी बघत होती. उठली आणि म्हणाली, "माझ्या मापाचं हाय का एखादं?"

"आहे की! पण साडीवर नाही चालणार, पाय अडकतात."

"मग दे तुझी पँट!"

माझी जुनी ट्रॅक पँट, सदरा आणि वर केशरी जॅकेट घालून आजी पाण्यात उतरली. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता, की तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. बोटीत सई पुढे बसली, आजी मागे.

"आजी, तोंड मिटायचं. जॅकेट वर आणतं," सईने सांगितलं.

नंदूने बोट उलटवली.

दोघी पाण्याखाली गेल्या. सई वर आली आणि भिरभिर शोधू लागली. पाठोपाठ आजी वर आली, अंबाडा सुटलेला, नाकातोंडात पाणी. तिने आधी सईला जवळ ओढलं. आता आपली काही खैर नाही, असं मला वाटलं.

आजीने तोंडावरून हात फिरवला. सुटलेला अंबाडा परत बांधला. मग नंदूकडे वळली.

"परत उलटव."