बंद हीटरची ऊब

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी आयटीआय केलेला माणूस, मानोऱ्यात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेल्या पंपापुढे नारळ फोडणाऱ्यांची मी तोंडावर चेष्टा करतो. बिघाड म्हटला की त्याला कारण असणारच, आणि ते सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. म्हणूनच हे लिहितोय... कारण सापडत नाहीये.

मागच्या हिवाळ्यात मी एक जुना पिकअप घेतला. गाडी ठणठणीत, फक्त हीटर चालत नव्हता. नॉब फिरवला की पंखा घरघरायचा आणि थंडगार हवा तोंडावर. फ्यूज बघितला, रेडिएटरचं पाणी बघितलं, इंजिन नीट तापतंय का तेही बघितलं — सगळं बरोबर. पण आमच्याकडे हीटर लागतो किती दिवस? पुढचं राहून गेलं.

त्याच थंडीत माझी बहीण संगीता पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, ओंजळीत मावेल एवढी. दोन दिवसांनी सकाळी डॉक्टर म्हणाले, हिला वाशिमला नेऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, आणि वाटेत थंडी अजिबात लागू देऊ नका. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. थांबायची सोय नव्हती. मी पिकअप काढला. मध्ये माय, खिडकीकडे संगीता, आणि तिच्या छातीशी शालीत गुंडाळलेलं लेकरू.

धुकं असं, की गाडी पळवता येईना. काचा लावूनही कुठून कुठून वारा आत येत होता.

"दादा, हीटर लाव ना. हिचे पाय बरफ झाले," संगीता म्हणाली.

"बिघडेल आहे तो. थंडी हवा फेकते."

तरी लावून बघितला. थंडच. बंद केला. दुनियेचे पंप दुरुस्त करतो आणि स्वतःच्या गाडीचा हीटर तेवढा राहिला... फार चिडलो होतो स्वतःवर.

मंगरूळपीर सोडलं आणि माय हळूच म्हणाली, "संगे, लेकरू रडून नाही राह्यलं."

संगीता शालीत तोंड घालून पोरीच्या पायांवर वाफ सोडत होती. मी समोरचा रस्ता सोडून कुठेच बघत नव्हतो. बघायची भीती वाटत होती.

मग संगीता म्हणाली, "आली दादा. गरम हवा आली."

वाटलं, घाबरून काहीही बोलतेय. मायच्या पुढून डावा हात लांबवून संगीतासमोरच्या हवेच्या जाळीवर धरला. ऊबदार हवा येत होती, संथ, सारखी. नॉब बघितला — बंद. पंख्याचा आवाज नाही. माझ्यासमोरच्या जाळीतून मात्र बोटं बधिर करणारा वारा. थोड्या वेळानं लेकरू कुरकुरलं, मग चांगलं रडलं. तिच्याबरोबर मायही रडायला लागली.

पोरगी वाचली. आता गुटगुटीत आहे, सगळ्यांच्या मिशा ओढते.

मला मात्र चैन पडेना. गाडी रफिकभाईंच्या गॅरेजला नेली. त्यांनी डॅशबोर्ड उघडला आणि हसायलाच लागले.

"भाऊ, यात हीटरच नाही. गरम पाण्याची आतली जाळी कोणीतरी काढून फेकेल आहे. पाइप बाहेरच्या बाहेर जोडून देल्ले. लीक झाली असन. इकडं कोणाले लागते हीटर?"

म्हणजे गरम हवा यायला वाटच नव्हती. इंजिनची धग आत आली म्हणावं, तर ती माझ्या पायांना आधी लागायला हवी. तशाच थंडीत, तशाच धुक्यात मी त्या रस्त्यानं पुन्हा पुन्हा गाडी नेली. कधी हात जाळीवर ठेवून, कधी उगाच मायला शेजारी बसवून. "कायले जीव जाळून राह्यला?" ती म्हणायची. प्रत्येक वेळी थंड हवा.

हीटरची ती आतली जाळी नवी सांगून ठेवलीये, अजून आलेली नाही. संगीतानं मात्र दादाच्या हीटरची गोष्ट गावभर केली. या थंडीत जवळच्या तांड्यावरून एका ओळखीच्याचा फोन आला. सुनेला आणि तिच्या अशक्त बाळाला वाशिमला न्यायचं होतं. "तुमच्या गाडीत हीटर आहे म्हणतात."

मी खरं काय ते सांगितलं, वर म्हणालो की दुसरी गाडी बघा. दुसरी गाडी मिळाली नाही. मग गोधड्या घेतल्या, गरम पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि निघालो. सासरा मध्ये, सून खिडकीकडे. वाटभर माझा हात सारखा तिच्यासमोरच्या हवेच्या जाळीकडे जात होता. हवा थंडच होती. शपथेवर सांगतो, थंडच.

बाळ सुखरूप पोचलं. उतरताना ती सून, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, शाल सावरत मला म्हणाली, "भाऊ, बरं झालं तुमी हीटर लावून ठेवला."